एका माणसाची जागा

आषाढ उतरणीला लागला की माझे हात स्वस्थ बसत नाहीत. पोळ्या लाटता लाटता मध्येच उठते आणि कपाटावरची बॅग खाली काढते. चेन उघडते, टॉर्चचं बटण दाबून बघते. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख चष्मा लावून वाचते. कागदपत्रांची प्लास्टिकची पिशवी उजेडात धरून तपासते, कुठे भोक पडलंय का. मग सगळं होतं तसं भरते आणि बॅग पुन्हा वर ठेवते. तोवर तव्यावरची पोळी करपलेली असते. दोन दिवस जातात न जातात तोच पुन्हा तेच.

"आई, त्या बॅगेला तरी जरा विश्रांती घेऊ दे," रेवा म्हणते.

रेवा माझी मुलगी. आता कॉलेजात आहे. मैत्रिणींशी गुजरातीत बोलते, माझ्याशी मराठीत आणि चिडली की हिंदीत. तिच्या मते सगळ्या कागदांचे फोटो मोबाइलमध्ये असताना ही बॅग म्हणजे निव्वळ वेड आहे. मी विचारते, "मोबाइल भिजला तर?" ती म्हणते, "मग बॅग काय कोरडी राहणार आहे?" ती चुकीचं बोलत नाही. पण माझं वेड कागदांचं नाहीच, हे तिला ठाऊक आहे. तेव्हा ती दुसरीत होती. तिला सगळं आठवतं. आम्ही दोघी त्याविषयी बोलत नाही, एवढंच.

आमची इमारत सुरतेत, पर्वत पाटियाच्या थोडी पुढे, मिठी खाडीच्या अंगाला आहे. नाव मिठी, पण उन्हाळ्यात तिच्या काठाने जाताना नाकाला पदर लावावा लागतो. एरवी ती कोणाच्या खिजगणतीत नसते. साड्यांचे गठ्ठे लादलेले टेंपो तिच्या पुलावरून दिवसभर धडधडत जातात, आणि पुलाखाली काय आहे याकडे कोणी बघत नाही. श्रावणात मात्र येता-जाता प्रत्येक जण पुलाच्या कठड्यावरून वाकतो. भाजीवाला वाकतो, रिक्षावाला रिक्षा हळू करून मान बाहेर काढतो. पाणी कुठवर आलंय ते बघून पुढे जातात.

खाडीचा पूर फसवा असतो. नदीचा पूर गर्जत येतो म्हणतात. हा पावलांचा आवाज न करता येतो. पाऊस वरच्या गावांत पडतो, आमच्याकडे लख्ख ऊन असतं, गॅलरीत कपडे वाळत असतात, आणि खाली रस्त्यावर गटाराच्या जाळीतून पाणी उलटं वर यायला लागतं. उन्हात चकाकणारं पाणी. रेवा दुसरीत होती त्या वर्षीही ते असंच आलं.

त्या वर्षी आमच्या शाळेत आपत्तीच्या तयारीचं प्रशिक्षण झालं होतं. मी डिंडोलीत प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काम करणाऱ्यांची, खानदेशातून आलेल्या घरांतली. प्रशिक्षण देणाऱ्या बाईंनी आम्हाला एक यादी दिली. घर सोडावं लागलं तर बरोबर काय घ्यायचं त्याची. टॉर्च, शिट्टी, दोरी, कोरडं खाणं, औषधं, कागदपत्रं, एकेक जोडी कपडे. मी ती यादी फळ्यावर लिहिली आणि मुलांना म्हटलं, आता तुम्ही तुमची यादी करा. एका मुलीने पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, 'आजी'. मी हसले. तिच्या वहीत लाल पेनने लिहिलं : माणसं बॅगेत मावत नाहीत.

घरी आले आणि त्याच दिवशी आमची बॅग भरायला घेतली. निळी, रेक्झिनची, दोन बंदांची, लग्नानंतर पहिल्यांदा गावी, अमळनेरला जाताना घेतलेली. माझे सासरे, त्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो, खाटेवर बसून बघत होते. त्यांनी उभी हयात लूमवर काढली होती. कान थोडे गेले होते, साखरेचा त्रास होता, पण नजर शाबूत होती.

"काय करी ऱ्हायनी, बेटा? गावले जावानं शे का?"

"नाही हो अण्णा. पूर आला तर असावी म्हणून."

"पूर इचारीसन येस का?" ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने स्वतःच आपल्या गोळ्यांची डबी आणून माझ्या हातात दिली. "हाई बी ठेव."

मग माझ्यात काय शिरलं कोण जाणे. रोज संध्याकाळी मी बॅग उघडायचे. अजून एक साडी, अजून दोन बिस्किटांचे पुडे, मेणबत्त्या, सुई-दोरा, रेवाची पुस्तकं, आमच्या लग्नाचा अल्बम. माझे यजमान पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये कलर मास्टर. कापडाचा रंग नमुन्याशी जुळतो की नाही ते त्यांनी पाहायचं. ते बॅग उचलून म्हणाले, "सुरेखा, ही घेऊन पळायचं की हिच्यासकट बुडायचं?" मला राग आला. मला वाटायचं, या घरात शहाणपणाने वागणारी मी एकटी आहे.

आमच्या बरोबर खालच्या घरात हंसामासी राहायच्या. मूळ सुरतेच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, नवसारीला एक भाचा होता. ऐकू अगदीच कमी यायचं. कानातलं यंत्र त्यांना टोचायचं, म्हणून घरात असल्या की काढून डबीत ठेवायच्या. त्यामुळे त्यांच्याशी बोलणं म्हणजे सगळ्या इमारतीला ऐकवणं. आमच्याकडून मराठी शिकल्या होत्या, पण ती त्यांच्याच धाटणीची. "सुरेखा, चा पिऊन जा ने!" असं जिन्यातून ओरडायच्या. मी शाळेतून यायच्या आधी रेवा घरी यायची, तर तिला मासींकडेच गरम खिचडी मिळायची. त्यांच्या घराची जादा किल्ली माझ्याकडे असायची. "कधी काय झाला तर," म्हणायच्या. ती किल्लीही मी बॅगेत टाकली होती, पुढच्या कप्प्यात. विचार असा की जे महत्त्वाचं ते सगळं एका जागी असावं.

खाडी वाढत चालल्याची कुजबुज सुरू झाली त्या संध्याकाळी मासी जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "हुं तो सवारे नवसारी चालली. भाचा बोलावते." मी मोठ्याने म्हटलं, "बरं होईल, मासी. जा." बस, एवढंच. यजमान दुपारीच पांडेसऱ्याला गेले होते. पाण्यामुळे तिकडचे रस्ते बंद झाले, ते मिलमध्येच अडकले.

सकाळी उठून गॅलरीत आले तर रस्ता नव्हता. रस्त्याच्या जागी पाणी होतं, आणि त्या पाण्यावर ऊन असं पसरलं होतं की डोळे दिपावेत. समोरच्या दुकानाचं शटर अर्धं बुडालं होतं. एक प्लास्टिकची खुर्ची कोणीतरी बसवल्यासारखी सरळ, ऐटीत वाहत चालली होती. इमारतीतली इतर बिऱ्हाडं आदल्या रात्रीच नातेवाइकांकडे गेली होती. आम्ही थांबलो होतो, कारण अण्णांना हलवणं सोपं नव्हतं, आणि मला खात्री होती की आमची तयारी आहे.

वीज गेली. नळ बंद झाला. दहाच्या सुमारास लाउडस्पीकरवरून सांगत फिरणारी होडी लांबून ऐकू आली : पाणी अजून चढणार आहे, खालच्या दोन मजल्यांवर राहणाऱ्यांनी बाहेर पडावं. मी अण्णांना कपडे घातले, रेवाच्या वेण्या घट्ट घातल्या, बॅग दाराशी आणून ठेवली. रेवा जमिनीवर बसून बूट घालत होती. ती म्हणाली, "आई, खालून ठोकल्यासारखं वाजतंय."

मी ऐकलं. आवाज येत होता. ठक, ठक, मग शांत, मग पुन्हा ठक.

"पाण्यात सिलिंडर तरंगत असेल," मी म्हटलं. "भिंतीवर आपटतोय. चल लवकर."

हे मी जाणूनबुजून खोटं बोलले नाही. पाण्यात सिलिंडर खरंच तरंगतात, खरंच आपटतात. पण मी कान देऊन ऐकलं नाही हेही तितकंच खरं आहे. माझं सगळं चित्त त्या निळ्या बॅगेत होतं. काय राहिलं, काय घेतलं, पाणी आत शिरलं तर अल्बमचं काय होईल.

होडी आमच्या जिन्याच्या तोंडाशी आली. जिना इमारतीच्या डाव्या अंगाला, मासींचं दार कोपऱ्यावरून वळल्यावर. जिन्याच्या सहा पायऱ्या पाण्याखाली होत्या. होडीत आधीच बरेच लोक दाटीवाटीने बसलेले. होडी धरून उभा असलेला माणूस पन्नाशीचा, उन्हाने काळवंडलेला, आवाज बसलेला. त्याने आधी अण्णांना कमरेला धरून आत घेतलं, मग रेवाला. मग मी बॅग पुढे केली. ती हातात घेताच त्याचा खांदा एका बाजूला झुकला.

"बेन, आ थेलो मूकी दो ने. एक जण बेसी जाय एटली जग्या रोके छे."

थैला ठेवून द्या, एका माणसाची जागा अडवतोय. त्याने अगदी साधेपणाने सांगितलं. मी म्हटलं, "यात औषधं आहेत, कागद आहेत. सगळं यातच आहे." माझा आवाज चढला असावा, कारण होडीतल्या एका बाईने आपले पाय पोटाशी घेतले आणि बॅगेला जागा करून दिली. त्याने वाद घातला नाही. कोपऱ्याच्या दिशेने मान वळवून विचारलं, "अंदर कोई रही गयुं छे?"

"ना, भाई. कोई नथी."

मी इतक्या झटकन उत्तर दिलं की आजही त्या झटकनचीच मला भीती वाटते. होडी वळली. बॅग माझ्या गुडघ्यांवर होती. मी तिला दोन्ही हातांनी मिठी मारून बसले होते.

आम्हाला उंचावरच्या एका शाळेत नेलं. वर्गातले बाक बाहेर काढून सतरंज्या घातल्या होत्या. भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं, फळ्यावर आदल्या कुठल्यातरी दिवसाची बेरीज तशीच. मला, शिक्षिकेला, दुसऱ्याच्या शाळेत अशी जमिनीवर बसायला विचित्र वाटत होतं. मी बॅग उघडली, आणि अर्ध्या तासात तिथली सगळ्यांत उपयोगी बाई झाले. कोणाच्या बाळाला जुलाब होत होते, माझ्याकडे साखर-मिठाच्या पाण्याची पाकिटं होती. कोणाचं काचेने कापलं होतं, माझ्याकडे पट्टी होती. बिस्किटं वाटली. एक म्हातारे गृहस्थ हात जोडून म्हणाले, "ताई, तुमच्यासारखी तयारी हवी." मी म्हटलं, "शाळेत शिकवलं होतं आम्हाला," पण आतून सुखावले. खोटं कशाला सांगू, फार सुखावले.

दुपारी अण्णांच्या गोळ्या काढायला पुढचा कप्पा उघडला आणि किल्ली हाताला लागली.

मी किल्ली तळहातावर घेऊन बसले आणि डोळे मिटून मासींचं दार आठवायला लागले. काल संध्याकाळी त्या म्हणाल्या, सकाळी जाते. सकाळी. मग आज सकाळी त्या गेल्या कशा? रस्ता तर उजाडतानाच नव्हता. की त्या रातोरात गेल्या? दाराला कुलूप होतं का? त्या दारावरून मी हजारदा गेले असेन. कडी पितळेची, उंबऱ्याशी रांगोळीचा ठसा, दारावर तोरण. सगळं डोळ्यांपुढे येत होतं. फक्त कुलूप आहे की नाही ते दिसत नव्हतं. होडी जिन्याशी आली तेव्हा मी चार पावलं पाण्यात उतरून कोपऱ्यावरून वाकले असते तर दिसलं असतं. मी वाकले नाही. नुसत्या अंदाजाने सांगून टाकलं, कोई नथी.

मी उठले, बसले. दारापर्यंत गेले, परत आले. फोन लागत नव्हता. भाच्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. एकाला वाटावं ही बाई पाणी शोधतेय, दुसऱ्याला वाटावं मुलगी हरवलीय. रेवा माझ्याकडे बघत होती. शेवटी हळूच म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, ठोकतंय."

अण्णांना ऐकू कमी यायचं, पण माझ्या तोंडावरून त्यांना सगळं कळलं. "काय व्हयनं?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. मासी गेल्या असतील असं वाटलं, म्हणून नाही म्हणाले. गेल्याच असतील, अण्णा. बहुतेक गेल्याच असतील.

त्यांनी माझ्या हातातल्या किल्लीकडे पाहिलं.

"दारले कुलूप व्हतं का?"

"आठवत नाही."

"मंग बहुतेक काय म्हनस?" त्यांचा आवाज चढला नाही. "तूच सांगं ना, कोन्ही नही म्हनीसन? मंग जाय. तूच सांग, शे म्हनीसन."

कोणी नाही असं मीच सांगितलं होतं, आता आहे असंही मीच जाऊन सांगायचं. मला लाज वाटली. खरं सांगायचं तर पहिल्यांदा भीतीपेक्षा लाजच वाटली. आत्ताच जे लोक हात जोडत होते त्यांच्यामधून जायचं आणि सांगायचं, मी चुकीचं बोलले. पण अण्णा भिंतीला हात टेकत उठायला लागले, माझ्याबरोबर यायला. मग मी त्यांना बसवलं आणि एकटी गेले.

शाळेच्या फाटकापासून थोडं खाली उतारावर पाणी सुरू होत होतं. तिथेच होड्या लागायच्या. सकाळचाच माणूस पायरीवर बसून केळं खात होता. मी त्याला सगळं सांगितलं. एक म्हातारी बाई, तळमजला, ऐकू येत नाही, मी नाही म्हणाले होते, पण असेल. त्याने केळं तसंच खाली ठेवलं. मी किल्ली पुढे केली.

त्याने किल्लीकडे पाहिलं. "बेन, ताळुं हशे तो मासी अंदर नथी. ताळुं नहि होय तो चावीनुं शुं काम?"

कुलूप असेल तर त्या आत नाहीत, नसेल तर किल्ली कशाला. बरोबरच होतं. तरीही त्याने ती घेतली, खिशात टाकली आणि होडी ढकलली. "मलाही न्या," मी म्हटलं. त्याने मान हलवली. होडीत मी बसले असते त्या जागेकडे बोट दाखवलं. ती जागा परत येताना लागणार होती.

त्या उतारावर मी किती वेळ उभी होते सांगता येणार नाही. ऊन डोक्यावरून कलून पाठीवर आलं. पोरं कागदाच्या होड्या सोडत होती, त्या पुढे जाऊन गाळात रुतत होत्या. लांबवर कुठलीशी होडी दिसली की मी चार पावलं पाण्यात जायचे. जवळ आली की दुसरीच माणसं निघायची. मी देवाला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. त्यात एक मागणं असंही होतं की दाराला कुलूप असू दे आणि मी सगळ्यांपुढे मूर्ख ठरू दे. मूर्ख ठरण्यासाठी इतकं कळवळून मी कधी प्रार्थना केली नव्हती.

होडी आली तेव्हा मला आधी पांढरं डोकं दिसलं.

मासी चादरीत गुंडाळलेल्या होत्या. पहाटे जाग आली तेव्हा पलंगाखालून पाणी वाहत होतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. दार फुगून बसलं होतं, उघडेना. आधी पलंगावर, मग टेबलावर, मग टेबलावरून माळ्यावर चढल्या. भांड्यांच्या आणि गोधड्यांच्या मध्ये. हातात लाटणं होतं. त्या लाटण्याने त्या छतावर ठोकत राहिल्या. त्यांचं छत म्हणजे आमच्या घराची जमीन. होडीवाल्यांना दार तोडावं लागलं होतं. मासींची बोटं पाण्याने पांढरी पडली होती आणि उजव्या हाताची सालटी निघाली होती.

मला बघताच त्यांचा चेहरा उजळला. अक्षरशः उजळला.

"सुरेखा! तू ठीक ने? रेवा? अण्णा? मी किती ठोकला, वरून कोणी बोलेच ना. मला वाटला तुमालाच काय तरी झाला!"

त्यांनी मला जवळ ओढलं. त्यांच्या अंगाला खाडीचा वास येत होता.

वर्गात नेऊन मी त्यांना बॅगेतली कोरडी साडी नेसवली. हाताला मलम लावलं. केस पुसले. बॅगेतलं सगळं त्यांच्या कामी येत होतं, आणि एकेक वस्तू काढताना मला ती तिथेच फेकून द्यावीशी वाटत होती. अण्णा समोर बसले होते. त्यांनी माझ्यावरची नजर हलवली नाही.

"मासी," मी हळू आवाजात म्हटलं, "होडीवाल्याने मला विचारलं होतं, आत कोणी आहे का."

"हें?"

त्यांचं कानातलं यंत्र खालीच, डबीत, पाण्यात राहिलं होतं. मी थोडं मोठ्याने म्हटलं. त्यांनी कानामागे हात धरला. "शुं कहे छे?" आजूबाजूला साठ-सत्तर माणसं. कोणी वरण-भात खात होतं, कोणी लहानग्याला थोपटत होतं. मला वाटलं, राहू दे, घरी गेल्यावर सांगू. आणि मला स्वच्छ दिसलं की आत्ता राहिलं तर ते कायमचं राहील.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "मासी, में कीधुं के अंदर कोई नथी! रेवाने ठोकलेलं ऐकलं होतं! मी म्हटलं सिलिंडर आहे! तुमच्या जागी मी ही बॅग आणली!"

बॅगेला जागा करून देणारी बाईही तिथेच होती. तिने मान खाली घातली. मासींनी माझ्याकडे बघितलं, मग बॅगेकडे. त्यांना सगळं ऐकू आलं होतं. चेहऱ्यावर हळूहळू ते उतरत गेलं, कापडावर रंग चढतो तसं. मग त्यांनी रेवाकडे पाहिलं. रेवा भिंतीला चिकटून रडत होती.

"धीमे बोल," मासी म्हणाल्या. "पोरगी ऐकते."

एवढं बोलून त्या कुशीवर वळल्या आणि माझ्याकडे पाठ करून झोपल्या. रेवाला मात्र त्यांनी हाताने खूण करून जवळ घेतलं. ती त्यांच्या पोटाशी निजली.

त्या रागावल्या का, मला माहीत नाही. त्यांनी मला माफ केलं का, तेही माहीत नाही. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून त्यांचं घर धुतलं. मी गुडघाभर गाळात उभी राहून बादल्या उपसल्या. यजमान मिलमधून परतल्यावर त्यांनी दार नवं बसवून दिलं. मासी माझ्याशी बोलायच्या, पण कामापुरतं. जिन्यातून चहाची हाक यायची ती रेवाला. दिवाळीच्या आधी भाचा येऊन त्यांना नवसारीला घेऊन गेला. निघताना त्या अण्णांच्या पाया पडल्या, रेवाच्या गालावरून हात फिरवला, माझ्याकडे बघून मान हलवली. मला वाटलं, संपलं.

पुढच्या श्रावणात फोन वाजला. भाच्याची बायको बोलत होती. "मासीला तुमच्याशी बोलायचंय. स्पीकरवर टाकते, मोठ्याने बोला." मग मासींचा आवाज, आधीसारखाच, जिन्यातून आल्यासारखा.

"सुरेखा, खाडी केटली आवी?"

"पुलाखाली दोन हात आहे, मासी!"

"बिल्डिंगमां कोण कोण छे? गण."

मला आधी कळलंच नाही. "गण," त्या पुन्हा म्हणाल्या. मग मी मोजायला लागले. मजल्यामजल्याने, दारादाराने, नावं घेऊन. त्या मध्येच विचारायच्या, "एनी बा?", "छोकरो?" कोणाची आई, कोणाचा मुलगा. सगळी नावं झाल्यावर म्हणाल्या, "हां," आणि फोन ठेवला. ख्यालीखुशाली नाही, काही नाही.

तेव्हापासून दर श्रावणात फोन येतो. ही शिक्षा आहे की माया, हे मी बरेच दिवस ठरवत बसले. आता ठरवणं सोडलंय. अण्णा गेले त्या वर्षी मी नावं घेताना त्यांच्यापाशी थांबले, तर पलीकडेही बराच वेळ शांतता होती. बॅग मी अजून भरते. लहान केली आहे, अल्बम आता माळ्यावर असतो. पण चेन लावल्यावर जे शांत वाटायला हवं ते वाटत नाही. बॅग भरून होते, मोजणी होत नाही. लोक येतात, जातात, खोल्या बदलतात. काल होती ती दारं आज दुसऱ्यांची असतात.

परवा मासींचा फोन आला. बाहेर ऊन होतं, आणि पुलावर लोक वाकून बघत होते. मासींचा आवाज आता बारीक झालाय, पण शब्द तोच. गण. मी गॅलरीत उभी राहून सुरुवात केली. दुसरा मजला झाला, पहिला झाला, तळमजला झाला. पार्किंगच्या मागच्या खोलीत मागच्याच महिन्यात एक जोडपं राहायला आलंय, ओडिशाचं. तो लूमवर जातो. ती कपडे वाळत घालताना दिसते. मी म्हटलं, "आणि मागच्या खोलीत एक नवीन बाई आहे."

"नाम?"

मला नाव माहीत नव्हतं. महिनाभर मी तिच्याकडे बघून हसत होते.

"थांबा, मासी," मी ओरडले आणि फोन तसाच चालू, हातात धरून खाली गेले. चपला घालायचं भान राहिलं नाही. दार वाजवलं. तिने कडी काढून फटीतून पाहिलं, घाबरली असावी. कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल होतं. हे मूल मी आजवर पाहिलंही नव्हतं. मी हिंदीत म्हटलं, "डरो मत. मैं ऊपर रहती हूँ. आपका नाम क्या है?"

"मिनती," ती म्हणाली.

"पानी आएगा तो मैं बुलाने आऊँगी, मिनती. ऊपर आ जाना. दरवाज़ा खोलना."

तिने मान हलवली. किती कळलं कोण जाणे. मी जिना चढत चढतच फोनमध्ये ओरडले, "मासी, मिनती! मिनती नाव आहे! आणि एक बाळ!"

नवसारीकडून पंख्याची घरघर ऐकू आली. मग मासींनी विचारलं, "बाळनुं नाम?"

मी अर्ध्या जिन्यात थांबले. मग मागे वळले आणि पुन्हा खाली उतरायला लागले.